ऑक्सफर्डची रॉयटर्स इन्स्टिट्यूट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पत्रकारितेचे विद्यार्थी, तालुक्याचे वार्ताहर, जिल्हा आवृत्तीचे उपसंपादक आणि माध्यमांविषयी शिकवणारे प्राध्यापक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. दरवर्षी जून महिन्यात या संस्थेचा 'डिजिटल न्यूज रिपोर्ट' हा लोकांच्या बातम्यांविषयीच्या सवयींवरचा अहवाल आला, की प्रश्नांचा ओघ वाढतो. त्यातले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात: भारताच्या नावाने छापलेल्या आकड्यांत मराठी वाचक आहे कुठे? त्याचं उत्तर प्रश्न ६ मध्ये आहे. घाई असेल तर आधी तेच वाचा.

१. रॉयटर्स इन्स्टिट्यूट म्हणजे रॉयटर्स वृत्तसंस्थेचीच शाखा का?

नाही. तिचं पूर्ण नाव 'रॉयटर्स इन्स्टिट्यूट फॉर द स्टडी ऑफ जर्नालिझम'. ती ऑक्सफर्ड विद्यापीठात आहे आणि तिथल्या राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध विभागाचा भाग आहे. २००६ मध्ये ती सुरू झाली. नावातलं 'रॉयटर्स' आलं ते देणगीदारामुळे: थॉमसन रॉयटर्स फाउंडेशन हा धर्मादाय न्यास तिला मूळ निधी देतो. रॉयटर्सच्या बातम्या कोणत्या लावायच्या हे संस्था ठरवत नाही आणि संस्थेने काय संशोधन करायचं हे वृत्तसंस्था ठरवत नाही. म्हणून 'रॉयटर्सच्या सर्वेक्षणानुसार' असं वाक्य बातमीत दिसलं तर ते चूक आहे. 'ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या सर्वेक्षणानुसार' असं लिहा.

२. मग ती नेमकं करते काय?

तीन कामं. पहिलं संशोधन: लोक बातम्या कुठून घेतात, कशावर विश्वास ठेवतात, बातमीसाठी पैसे का देतात किंवा देत नाहीत. दुसरं, जगभरच्या अनुभवी पत्रकारांना काही महिने ऑक्सफर्डला बोलावून अभ्यासाला वेळ देणारी फेलोशिप. ही संस्थेपेक्षा जुनी आहे, १९८३ पासूनची. तिसरं, संपादक आणि वृत्तमाध्यमांचे प्रमुख यांच्यासाठी चर्चा आणि प्रशिक्षण. ती रोजच्या बातम्या देत नाही आणि व्हायरल संदेशांची सत्यता तपासून देत नाही.

२०१८ ते २०२४ या काळात रासमुस क्लाइस नील्सन हे डॅनिश अभ्यासक संचालक होते. त्यांच्यानंतर ही जबाबदारी मिताली मुखर्जी यांच्याकडे आली. भारतातल्या टीव्ही आणि डिजिटल पत्रकारितेत बरीच वर्षं काम केलेल्या पत्रकार या पदावर गेल्या, याचं मला अप्रूप आहे.

३. पत्रकारिता शिकवणारे विभाग सगळीकडे आहेत. हे वेगळं अभ्यासकेंद्र कशासाठी?

पत्रकारितेचा विभाग पत्रकार घडवतो. पुण्यातलं रानडे इन्स्टिट्यूट हे आपल्याला जवळचं उदाहरण. अभ्यासकेंद्राचा प्रश्न वेगळा असतो: पत्रकारितेचं समाजात काय चाललंय, आणि समाजाचं पत्रकारितेशी? गंमत म्हणजे ऑक्सफर्डमध्ये पत्रकारितेची पदवी मिळतच नाही, तरीही या विषयातलं जगभर उद्धृत होणारं सर्वेक्षण तिथून निघतं.

अशी इतरही केंद्रं आहेत. हार्वर्डमध्ये नीमन फाउंडेशन १९३८ पासून आणि शोरेन्स्टाइन सेंटर १९८६ पासून आहे. कोलंबियात टो सेंटर आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये 'पोलिस' (Polis) हे केंद्र आहे, तेही २००६ चंच. या 'पोलिस'ने २०१९ मध्ये ३२ देशांतल्या ७१ वृत्तमाध्यमांशी बोलून कृत्रिम बुद्धिमत्ता आणि पत्रकारिता यांवर अहवाल काढला होता. चॅटजीपीटी यायला तेव्हा तीन वर्षं बाकी होती. आज डेस्कवर भाषांतराचं काम यंत्राकडे गेलंय अशा कोणालाही तो वाचायला सांगेन.

४. गूगल पैसा देतं म्हणे. मग निष्कर्षांवर विश्वास का ठेवायचा?

प्रश्न योग्य आहे आणि तो विचारलाच पाहिजे. संस्थेच्या वार्षिक 'डिजिटल न्यूज रिपोर्ट'च्या प्रायोजकांत गूगल न्यूज इनिशिएटिव्ह आहे. त्याच यादीत बीबीसी, ब्रिटनची माध्यम नियामक संस्था ऑफकॉम, नॉर्वेतला एक न्यास आणि कोरियातला एक न्यासही आहे. बातम्यांवरच्या विश्वासाविषयीचा त्यांचा एक मोठा प्रकल्प फेसबुकच्या पैशावर झाला. ही नावं अहवालात सुरुवातीलाच छापलेली असतात.

माझं मत सांगतो. प्रायोजक आकडे फिरवतो, अशी भीती मला वाटत नाही. प्रश्नावली, नमुन्याचा आकार आणि पद्धत ते उघड ठेवतात, त्यामुळे आकडे तपासता येतात. काळजी वेगळी आहे: कोणते प्रश्न विचारले जातात आणि कोणते वर्षानुवर्षं राहून जातात? लोक कोणत्या ॲपवर बातमी पाहतात, हे तपशीलात मोजलं जातं. त्या ॲपच्या कंपनीने वृत्तपत्रांची जाहिरात किती खाल्ली, हा त्या प्रश्नावलीचा विषय नसतो. अहवाल वाचताना त्यात काय नाही, तेही बघत चला.

५. 'डिजिटल न्यूज रिपोर्ट' कसा तयार होतो?

२०१२ मध्ये ब्रिटन, अमेरिका, जर्मनी, फ्रान्स आणि डेन्मार्क या पाच देशांपासून सुरुवात झाली. २०२५ च्या अहवालात ४८ देश-प्रदेश आणि सुमारे ९७ हजार उत्तरदाते होते. यूगव्ह ही कंपनी साधारण जानेवारी-फेब्रुवारीत ऑनलाइन प्रश्नावली भरून घेते. प्रत्येक देशातून सुमारे २,००० जण असतात. अहवाल जूनमध्ये येतो. तो संपूर्णपणे मोफत आहे.

पद्धत समजून घेण्यासाठी एक प्रश्न जवळून पाहू. ज्या आकड्याची सर्वांत जास्त बातमी होते, तो 'बातम्यांवरील विश्वास'. उत्तरदात्याला एक वाक्य दाखवतात. त्याचा मराठी आशय असा: 'बहुतेक बातम्यांवर बहुतेक वेळा विश्वास ठेवता येतो, असं मला वाटतं.' त्याने 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' यांतला एक पर्याय निवडायचा. सहमती दाखवणाऱ्यांची टक्केवारी म्हणजे तो आकडा. जगभरची सरासरी २०२४ मध्ये आणि २०२५ मध्येही ४० टक्के होती. फिनलंड कायम वरच्या टोकाला असतो, २०२४ मध्ये ६९ टक्क्यांवर. ग्रीस आणि हंगेरी तळाला.

कार्यशाळेत मी हे वाक्य फळ्यावर आधी इंग्रजीत लिहितो. विद्यार्थी पटकन एक पर्याय निवडून मोकळे होतात. मग मराठीत लिहितो आणि लगेच वाद सुरू होतो. कोणत्या बातम्या? जिल्ह्याच्या पानावरच्या, रात्री नऊच्या चर्चेतल्या, की गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येणाऱ्या? जिल्ह्याच्या पानावर विश्वास आहे, पण आमदाराच्या वाढदिवसाच्या पुरवणीवर नाही, असं म्हणणाऱ्या मुलीने कोणता पर्याय निवडायचा? सर्वेक्षणाला सरासरी काढावीच लागते, हे मान्य. पण त्या सरासरीखाली काय दबलंय याची जाण ठेवून आकडा वाचावा.

६. 'भारतात ४१ टक्के लोकांचा बातम्यांवर विश्वास' हे मराठी वाचकालाही लागू होतं का?

नाही. हे उत्तर सगळ्यांनी लक्षात ठेवावं, विशेषतः डेस्कवर बसणाऱ्यांनी.

भारतातलं सर्वेक्षण मुख्यतः इंग्रजी जाणणाऱ्या, इंटरनेट वापरणाऱ्या लोकांचं होतं. प्रश्नावली बहुतांश इंग्रजीत भरली जाते आणि ती ऑनलाइन भरायची असते. हे मी शोधून काढलेलं गुपित नाही. संस्था स्वतः भारताच्या पानावर लिहिते, की हा एका मोठ्या आणि वैविध्यपूर्ण माध्यमविश्वाचा छोटा भाग आहे आणि निष्कर्ष देशाचं प्रतिनिधित्व करतात असं मानू नये. पण बातमी होते तेव्हा ही ओळ गळते आणि मथळ्यात 'भारतीय' उरतात.

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. त्यांच्यातला जो इंग्रजी प्रश्नावली सहज भरू शकतो आणि सर्वेक्षणांना उत्तरं देणाऱ्यांच्या ऑनलाइन यादीत (पॅनेलवर) नाव नोंदवतो, तो या सर्वेक्षणात येऊ शकतो. पण मग तो शहरी, शिकलेला आणि बहुधा इंग्रजी बातम्याही वाचणारा असणार. सांगोल्यात सकाळी चहाच्या टपरीवर पेपर चाळणारा शेतकरी त्यात नाही. मुलाच्या फोनवर यूट्यूबवरच्या बातम्या ऐकणारी त्याची बायकोही नाही. मुंबईतला माथाडी कामगारही नाही.

संस्थेच्या इतर अभ्यासांतही भारतीय भाषा अगदीच नाहीत असं नाही. २०१६ च्या अखेरीस आलेल्या, भारतीय वृत्तपत्रांच्या डिजिटल वाटचालीवरच्या अहवालात हिंदुस्तान टाइम्स, दैनिक जागरण आणि मलयाळा मनोरमा यांचा अभ्यास होता. म्हणजे इंग्रजी, हिंदी आणि मल्याळम. मराठी नव्हती. १८३२ च्या 'दर्पण'पासून चालत आलेली, देशातल्या सर्वांत जुन्या परंपरांपैकी एक असलेली आपली पत्रकारिता या नकाशावर जवळजवळ कोरी आहे. मला याची खंत वाटते. पण ती ऑक्सफर्डविषयीची तक्रार नाही. हे काम आपल्या विद्यापीठांचं होतं आणि आहे. (त्यासाठी प्रश्न १७ पाहा.)

७. मग भारताचं पान वाचायचंच नाही का?

वाचायचं, पण ते कोणाविषयी आहे हे ध्यानात ठेवून. इंग्रजी जाणणारा ऑनलाइन वर्ग छोटा असला तरी जाहिरातदार, धोरणकर्ते आणि डिजिटल वर्गणी भरू शकणारे वाचक बरेचसे त्याच वर्गात आहेत. त्याच्या सवयी कळणं उपयोगाचं आहे.

काही निष्कर्ष आपल्याही अनुभवाशी जुळतात. २०२४ मध्ये या उत्तरदात्यांपैकी ५४ टक्के यूट्यूबवरून आणि ४८ टक्के व्हॉट्सॲपवरून बातम्या घेत होते. इंग्रजी जाणणाऱ्यांत हे प्रमाण इतकं असेल, तर लेखी इंग्रजीशी कमी संबंध असलेल्या वाचकांत यूट्यूबचा वाटा आणखी मोठा असावा, असा माझा अंदाज आहे. तो अंदाजच आहे, बातमीत आकडा म्हणून छापू नका.

८. भारताचा विश्वासाचा आकडा २०२२ मध्ये ४१ टक्के, २०२३ मध्ये ३८, २०२४ मध्ये पुन्हा ४१. विश्वास कोसळला आणि सावरला, असं लिहू का?

लिहू नका. २,००० च्या नमुन्यात एक-दोन टक्क्यांचा फरक हा फरकच मानू नये, तीन टक्क्यांचा जपून मानावा. २०२१ मध्येही आकडा ३८ च होता. चार वर्षांचं चित्र '३८ ते ४१ च्या दरम्यान स्थिर' असं आहे. मथळ्याला ते कमी चमचमीत वाटेल, पण खरं तेच आहे.

आणखी एक खबरदारी. २०१९ मध्ये संस्थेने भारतावर स्वतंत्र अहवाल काढला होता, १,०१३ उत्तरदात्यांचा. २०२१ पासून भारत मुख्य अहवालात आला. या दोन्हींचे आकडे एका आलेखात जोडू नका.

९. आमच्या दैनिकाचं नाव विश्वासार्ह माध्यमांच्या यादीत नाही. म्हणजे आमच्यावर लोकांचा विश्वास नाही?

यादीत नाव नसणं म्हणजे तुमच्याविषयी विचारलंच नाही. प्रत्येक देशात साधारण पंधरा माध्यमांविषयी विचारतात आणि भारताच्या यादीत बहुतांश इंग्रजी व राष्ट्रीय पातळीवरची नावं असतात.

ज्यांची नावं आहेत त्यांच्या आकड्यांचा अर्थही नीट लावावा लागतो. ज्यांनी त्या माध्यमाचं नाव ऐकलंय अशांना ० ते १० यांत गुण द्यायला सांगतात. ६ ते १० दिले तर 'विश्वास आहे', ५ म्हणजे मधला, ० ते ४ म्हणजे 'विश्वास नाही'. हे लोकांचं मत आहे. त्या माध्यमाच्या बातम्या खऱ्या असतात की खोट्या, हे कोणी तपासलेलं नसतं. सत्तेला अडचणीत आणणाऱ्या माध्यमावर सत्तेचे समर्थक भरभरून 'अविश्वास' नोंदवतात आणि त्याचा आकडा खाली जातो.

फिलिपिन्समध्ये नेमकं हेच घडलं. २०२१ च्या शांततेच्या नोबेलच्या मानकरी मारिया रेसा यांच्या 'रॅप्लर'वर तिथल्या सरकारने खटल्यांचा मारा केला होता. अहवालातल्या तक्त्यात 'रॅप्लर' अविश्वासाच्या बाबतीत वर दिसल्यावर विरोधकांनी तो तक्ता हत्यारासारखा वापरला. रेसा यांनी २०२३ मध्ये संस्थेवर जाहीर टीका केली, की अशा तक्त्यांमुळे पत्रकार धोक्यात येतात. संस्थेने आपल्या पद्धतीची बाजू मांडली आणि गैरवापराचा निषेध केला.

या वादात मी रेसा यांच्या बाजूला झुकतो. आकडा खोटा नव्हता. पण जिथे पत्रकारावर संघटित हल्ले होतात, तिथे असा तक्ता वाचणारे सगळेच तळटीप वाचतील हे गृहीत धरता येत नाही. आपल्याकडे एखाद्या चॅनेलने 'आम्हीच सर्वांत विश्वासार्ह' अशी जाहिरात या अहवालाच्या आधारे केली, तर नमुना कोणता होता, हा पहिला प्रश्न विचारा.

१०. पत्रकार स्वातंत्र्यात भारताचा १५१ वा क्रमांक यांनीच लावला ना?

नाही. तो निर्देशांक पॅरिसच्या 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स'चा. २०२४ मध्ये भारत १५९ वा होता, २०२५ मध्ये १५१ वा. रॉयटर्स इन्स्टिट्यूट स्वातंत्र्यावरून देशांना क्रमांक लावत नाही.

११. एखाद्या चॅनेलने खोटी बातमी दिली. या संस्थेकडे तक्रार करता येते का?

येत नाही, तो तिचा अधिकारच नाही. छापील वृत्तपत्राविषयी आधी संपादकाला लेखी कळवा. समाधान झालं नाही तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे जा. दैनिक किंवा साप्ताहिकाच्या बाबतीत बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते, इतर नियतकालिकांसाठी चार महिने. टीव्हीविषयी आधी त्या वाहिनीकडे आणि ती वृत्तवाहिन्यांच्या एनबीडीए या संघटनेची सदस्य असेल तर पुढे त्या संघटनेच्या एनबीडीएसए या स्वनियमन मंडळाकडे. पोर्टल असेल तर त्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे.

१२. वंचित समाजांना बातम्यांत कसं दाखवतात, यावर त्यांनी काही केलंय का?

केलंय, आणि मराठी पत्रकारांनी एकच अहवाल वाचायचा ठरवला तर मी हा सुचवेन. २०२३ चा आहे. ब्राझील, भारत, ब्रिटन आणि अमेरिका या चार देशांतल्या वंचित समाजांतल्या लोकांशी गटचर्चा केल्या. भारतात हे लोक होते वंचित जाती-जमातींतले आणि मुस्लिम. ब्रिटनमध्ये कामगार वर्गातले, ब्राझीलमध्ये कृष्णवर्णीय व मिश्रवर्णीय, अमेरिकेत कृष्णवर्णीय आणि ग्रामीण भागातले.

चारही देशांत लोक जवळजवळ एकच गोष्ट बोलले. बातमीत आम्ही येतो ते गुन्हा, दंगल किंवा दारिद्र्य असेल तेव्हा. एरवी आमचं अस्तित्वच नसतं. बातम्या ताकदवानांसाठी चालतात. आणि वृत्तपत्राच्या कचेरीत आमच्यातलं कोणी नसतं.

मराठी वाचकाला यात नवं काय? शंभर वर्षांपूर्वी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हेच निदान केलं होतं. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' सुरू केलं, राजर्षी शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने. आहे त्या वृत्तपत्रांत अस्पृश्यांच्या प्रश्नांना जागा नाही, हीच त्यामागची भूमिका होती. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. त्याच वर्षी जुलैत बाबासाहेब उरलेलं शिक्षण पुरं करायला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले. प्रश्न ३ मध्ये उल्लेख केलेलं 'पोलिस' आज त्याच संस्थेत आहे.

ऑक्सफर्डच्या अहवालामुळे या निदानाला चार देशांची साक्ष मिळाली. आपल्या जिल्हा आवृत्तीत गेल्या महिन्यात पारध्यांची बातमी किती वेळा आली आणि त्यातली किती वेळा ती पोलीस ठाण्यातून आली, एवढं मोजायला कोणत्याही अनुदानाची गरज नाही.

१३. लोक बातम्या टाळायला लागलेत हे खरं का?

सर्वेक्षण तसं सांगतं. कधी कधी किंवा वारंवार मुद्दाम बातम्या टाळणाऱ्यांचं प्रमाण २०१७ मध्ये २९ टक्के होतं, २०२५ मध्ये ४० टक्के. सर्वांत जास्त सांगितलेलं कारण: बातम्यांमुळे मन खराब होतं. त्याखालोखाल येतात बातम्यांचा मारा आणि युद्धाचा अतिरेक. 'या माहितीचं मी करू काय?' असं वाटणारेही पाचातला एक आहेत. डेस्कने या शेवटच्या कारणाकडे लक्ष द्यावं. पिकावर रोग आला ही बातमी, पण कृषी अधिकारी कुठे भेटेल हे खाली छापलं नाही, तर ती अर्धीच राहते. (हे जगभरचे आकडे आहेत, भारताविषयीची मर्यादा प्रश्न ६ मध्ये.)

१४. फेलोशिप कोणाला मिळते? मी फक्त मराठीत लिहितो, माझा विचार होईल का?

ज्यांना पत्रकारितेचा किमान पाच वर्षांचा अनुभव आहे अशांसाठी ती आहे. वर्तमानपत्र, टीव्ही, रेडिओ, डिजिटल, कोणतंही माध्यम चालतं आणि मुक्त पत्रकारही अर्ज करू शकतात. ऑक्सफर्डचं शैक्षणिक वर्ष तीन सत्रांत विभागलेलं असतं: ऑक्टोबरचं मायकेलमस, जानेवारीचं हिलरी आणि एप्रिलचं ट्रिनिटी. निवड झालेले पत्रकार एक किंवा जास्त सत्रं तिथे राहतात, चर्चासत्रांना बसतात आणि पत्रकारितेशी संबंधित एका विषयावर दीर्घ निबंध लिहितात. काही जागांचा खर्च पूर्ण मिळतो. काही जागा ठरावीक देशांतल्या प्रायोजकांनी आपल्या पत्रकारांसाठी ठेवलेल्या असतात, त्यांत भारतीयांना वाव नसतो. मुदत आणि निधीचा तपशील दरवर्षी संस्थेच्या संकेतस्थळावरच तपासा, कोणीतरी पाठवलेल्या संदेशावर विसंबू नका.

मराठीत लिहिता ही उणीव नाही. पण तिथलं काम इंग्रजीत चालतं, त्यामुळे चर्चा करता येईल आणि निबंध लिहिता येईल इतकं इंग्रजी लागतंच. उच्चार कसे आहेत याला महत्त्व नाही. तुमच्या मराठी बातम्यांचे नमुने पाठवताना भाषांतर किंवा सारांश जोडा.

खरी कसोटी असते प्रकल्पाच्या प्रस्तावाची. 'ग्रामीण पत्रकारितेपुढील आव्हाने' असा विषय घेऊन आलेले अर्ज मी बरेच वाचले आहेत. तो विषय नाही, परिसंवादाचं शीर्षक आहे. याउलट हे पाहा: तालुक्याच्या वार्ताहराला मानधन नाममात्र, पण दिवाळी अंकाच्या आणि वाढदिवसाच्या जाहिराती आणायचं उद्दिष्ट असतं, त्यामुळे तो कोणाविरुद्ध लिहू शकत नाही, हे कसं घडतं आणि त्यातून कोणी मार्ग काढलाय का? हा प्रश्न नेमका आहे, तुम्हालाच माहीत असलेला आहे, आणि तो केनिया किंवा मेक्सिकोतल्या पत्रकारालाही कळतो. तुमच्या बीटमधून असा एक प्रश्न काढा.

१५. फेलोशिप केल्यावर नावापुढे ऑक्सफर्डची पदवी लावता येते का?

नाही. परीक्षा नाही, पदवी नाही. तुमचा निबंध संस्थेच्या नावाने प्रसिद्ध होतो आणि ओळखी आयुष्यभर टिकतात. बढती हवी म्हणून जाणार असाल, तर संपादकांशी आधी बोलून घ्या. परत आल्यावर नोकरी जागेवर असेल, हे लेखी घेतलेलं बरं.

१६. ऑक्सफर्डला जाणं शक्य नाही. इथे बसून काय मिळेल?

सगळे अहवाल मोफत आहेत. सत्र चालू असताना बुधवारी होणारी चर्चासत्रं यूट्यूबवर पाहता येतात. हवामानबदलावर लिहिणाऱ्यांसाठी २०२२ मध्ये ऑक्सफर्ड क्लायमेट जर्नालिझम नेटवर्क सुरू झालं. सहा महिन्यांचा ऑनलाइन कार्यक्रम आणि प्रत्येक तुकडीत जगभरचे सुमारे शंभर पत्रकार, असं त्याचं स्वरूप ठेवलं. मराठवाड्यातला दुष्काळ किंवा कोकणातल्या दरडी यांवर सातत्याने लिहिणाऱ्या पत्रकाराला असा कार्यक्रम फेलोशिपपेक्षाही जास्त उपयोगी पडेल, असं मला वाटतं.

एखादा अहवाल मराठीत आणायचा असेल तर त्याच्या आतल्या पानावरचा परवाना वाचा आणि संस्थेला एक मेल टाका. श्रेय स्पष्ट द्या. पूर्ण भाषांतर जमणार नसेल, तर पद्धतीचं प्रकरण मात्र वगळू नका.

१७. आमच्या महाविद्यालयाला जिल्ह्यात असं छोटं सर्वेक्षण करायचंय. त्यांचीच प्रश्नावली मराठीत करून वापरू का?

जरूर करा, मला सर्वांत आनंद देणारा प्रश्न हाच आहे. मोठी सर्वेक्षणंही आपल्याला पुरत नाहीत. वाचकसंख्या मोजणारं इंडियन रीडरशिप सर्व्हे कोविडच्या काळात थांबलं आणि त्याचे २०१९ च्या शेवटच्या तिमाहीचे आकडे अजून जाहिरातींत फिरतात. लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थेने २०२२ मध्ये माध्यमांविषयी देशव्यापी अहवाल काढला, तो नक्की वाचा. पण एका जिल्ह्याचं चित्र त्यात मिळणार नाही.

प्रश्नावली मात्र जशीच्या तशी उचलू नका. 'बातम्यांवर विश्वास' हा एक प्रश्न तोडून तीन-चार करा: जिल्ह्याचं पान, टीव्हीवरची चर्चा, स्थानिक यूट्यूब चॅनेल, ग्रुपवर आलेला मजकूर. वाढदिवसाच्या पुरवणीतलं एक पान दाखवून विचारा, ही बातमी वाटते की जाहिरात? पेपर घरी येतो का, एवढंच विचारून थांबू नका. तो घरात कोण वाचतं आणि कोणाला वाचून दाखवला जातो, हेही विचारा.

लोक कसे निवडता यावर सगळं अवलंबून आहे. गूगल फॉर्म ग्रुपवर फिरवलात तर उत्तरं तुमच्यासारख्यांचीच येतील. बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर उभे राहिलात तर पुरुष जास्त भेटतील. मतदारयादीतून गावं आणि घरं चिठ्ठीने काढा, घरी जा, आणि स्त्रियांशी बोलायला विद्यार्थिनींना पाठवा. नीट निवडलेल्या ४०० लोकांत आकड्यांची चूक साधारण पाच टक्क्यांच्या आत राहते, जिल्ह्यासाठी तेवढं पुरेसं आहे. कोणाचंही नाव किंवा फोन नंबर निकालात येऊ देऊ नका. गावात कोण कोणत्या पेपरवर चिडलंय हे बाहेर गेलं, तर पुढच्या वर्षी दार उघडणार नाही.

स्थानिक दैनिकांची विश्वासाची क्रमवारी लावू नका. कारण प्रश्न ९ मध्ये आहे. निकाल छापताना नमुना कोणाचा, किती जणांचा आणि कोण सुटलं, हे मथळ्याखालच्या पहिल्या परिच्छेदात लिहा. आणि प्रश्नावली छापायला टाकण्याआधी ती दहा-बारा अनोळखी माणसांना वाचून दाखवा. ज्या प्रश्नावर तीन जण 'म्हणजे काय?' असं विचारतील, तो पुन्हा लिहून काढा.